भेकरी आणि बंद उतार

डोंगराच्या पाठीवर पसरलेल्या एका जंगलात एक भेकरी राहत असे, आणि तिचा कोणावरही विश्वास नसे. भेकरी म्हणजे भेकराची मादी. दिसायला लहानखुरी हरिणी, पण संशय आला की कुत्र्यासारखी भुंकते. ही तर वाळके पान गळाले तरी भुंकायची. जंगलाला त्याची सवय झाली होती आणि थोडा उपयोगही होता, कारण इतक्या वेळा भुंकल्यावर एखाद्या वेळी झुडपामागे खरोखरच बिबट्या निघायचा. त्या वर्षी तिला पाडस झाले. तेव्हापासून तिचे भुंकणे दुप्पट झाले, आणि त्यासाठी तिला दोष तरी कसा द्यायचा?

मुलांनो, त्या जंगलाचा एक रिवाज होता. तो नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. डोंगराला तीन उतार होते. त्यांतले दोन मोकळे असत आणि एक बंद. मोकळ्या उतारांवर ज्याने त्याने पोटभर खावे, पण रीतीने खावे. वानराने फळे खावीत, कोवळी फांदी मोडू नये. रानडुकराने कंद उकरावा, पण त्याचा वरचा डोळा मातीत परत लोटावा, म्हणजे तो पुन्हा फुटतो. बंद उतारावर मात्र कोणी पाऊल ठेवायचे नाही. तिथली नवी रोपे रानडुकराच्या पाठीएवढी उंच झाली की तो उतार उघडायचा आणि खाऊन खाऊन दमलेला दुसरा बंद करायचा. कुंपण नव्हते, काटे लावलेले नव्हते. मधून एक पायवाट जात होती, तिच्या पलीकडे जायचे नाही, एवढेच. आणि बंद उताराची राखण एका म्हाताऱ्या गव्याकडे होती.

त्या वर्षी जो उतार बंद होता, त्याच्या पायथ्याशी जंगलाचा झरा होता. बाकीचे ओढे थंडीतच आटत, हा मात्र भर उन्हाळ्यातही वाहत असे. अलीकडे त्याची धार बारीक झाली होती, म्हणूनच तर तो उतार बंद केला होता. झरा आटला असता तर खाली गावाच्या तळ्यावर जावे लागले असते, आणि तळ्यावर गावातली कुत्री होती. लांब पायांच्या जनावरांचे एक वेळ निभावले असते. भेकरीच्या पाडसाचे निभावले नसते. त्यामुळे त्या उताराची काळजी तिच्याइतकी दुसऱ्या कोणालाच नव्हती.

श्रावणातल्या एका ढगाळ सकाळी भेकरी पायवाटेवर उभी होती. तेवढ्यात बंद उतारावरून गवा खाली उतरला. त्याच्या शिंगांत हिरवे वेल अडकले होते आणि तोंड हलत होते.

"आजोबा, कुठून आलात?" भेकरीने विचारले.

"आतून."

"आत काय करत होतात?"

"वेल उपटत होतो. रोपांच्या गळ्याशी आले होते."

"मग उपटलेले वेल कुठे आहेत?"

"खाल्ले," गवा म्हणाला आणि रवंथ करत निघून गेला.

आता खरे सांगा, तुमच्याही मनात आलेच ना? वेल खाल्ले की रोपे खाल्ली, कोणी बघितले? अगदी हेच भेकरीच्या मनात आले. फरक एवढाच की तुम्ही जागेवर बसून ऐकत आहात आणि ती उठून आत गेली. चोरी करायला नव्हे हं, नुसते बघायला. आत तिने काय पाहिले? वेल मुळासकट उपटलेले होते आणि रोपे जशीच्या तशी उभी होती. एकाही रोपाला दात लागलेला नव्हता.

एवढे बघून एखादी स्वस्थ बसली असती. भेकरी म्हणाली, "आज नसतील खाल्ली. उद्या खाईल." म्हणून ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. मग रोजच जाऊ लागली. तिची नजर सारखी गव्याच्या खुरांच्या ठशांवर असे. आपल्या स्वतःच्या खुरांखाली काय चिरडते आहे, तिकडे तिचे लक्षच नव्हते.

लवकरच तिचे बारीक ठसे रानडुकराला दिसले. पायवाटेपासून थेट आत गेलेले, आणि एका दिवसाचे नव्हेत. "असं आहे होय!" रानडुक्कर स्वतःशी म्हणाले. "आम्हाला नियम आणि बाईसाहेब पिल्लाला कोवळा पाला चारतायत." तेही आत गेले. खायला नाही, तपास करायला. पण रानडुकराचा तपास नाकाने होतो, आणि त्याचे नाक जिथे जाते तिथली माती उलटून पडते. भेकरीने काय काय खाल्ले याचा शोध घेता घेता त्याने आतल्या बाजूची निम्मी जमीन नांगरून ठेवली.

हे सगळे वानर झाडावरून बघत होते. त्याला दोघांचाही संशय आला. "मी काही आत जाणार नाही," ते म्हणाले. "मी वरच्या वर लक्ष ठेवतो. माझे पाय जमिनीला लागतच नाहीत." आणि खरोखरच लागले नाहीत. ते फांद्यांफांद्यांवरून बंद उतारावर गेले. आता पानांमधून खालचे नीट दिसत नव्हते, म्हणून त्याने आड येणाऱ्या कोवळ्या फांद्या मोडून टाकल्या.

गव्याला हे कळायला वेळ लागला नाही. त्याने तिघांना पायवाटेवर गाठले आणि म्हणाला, "काय चालवलंय हे? बंद उतार बंद ठेवा."

"ठेवतो की," वानर म्हणाले. "पण एक सांगा आजोबा. एवढा मोठा उतार नुसता पडून आहे. फळ देत नाही, कंद देत नाही. मग त्याचा उपयोग काय?"

"सकाळी पाणी कुठे प्यायलास?"

"झऱ्यावर."

"ते त्या उतारानेच दिलं. झाडांखाली पाचोळा साचतो, त्यात पाऊस मुरतो आणि उन्हाळ्यात थोडा थोडा बाहेर येतो. पाचोळा तुडवला, माती उघडी पडली, की पाऊस नुसता वरून पळून जातो. दोन उतार तुला खायला घालतात आणि हा तिसरा त्या दोघांना जगवतो."

वानराने मान डोलावली, कारण बोलणे पटण्यासारखेच होते. मग त्याने हळूच रानडुकराकडे बोट केले. "ते सगळं खरं. पण हे आत जाऊन खातात त्याचं काय?"

"मी खातो?" रानडुक्कर उसळले. "या भेकरीचे ठसे बघा आधी!"

"माझे ठसे दिसतात आणि आजोबांच्या शिंगांतले वेल दिसत नाहीत?" भेकरी म्हणाली.

"अरे, कोणीही खाल्लेलं नाही," गवा म्हणाला. "मी रोज बघतो. नुसतं चालून चालून तुडवलंय."

"तुम्ही असं म्हणणारच," तिघेही म्हणाले. एकमेकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण एवढ्या एका बाबतीत त्यांचे चटकन जमले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, भेकरी पाळत ठेवायला जरा जास्त आत गेली. तिथे तिला रानडुकराने उलटलेली माती आणि वानराने मोडलेल्या फांद्या एकदमच दिसल्या. आपले पाडस, उन्हाळा, ती कुत्री, सगळे तिच्या डोळ्यांपुढे आले आणि ती जिवाच्या आकांताने भुंकली. "लुटलं! उतार लुटला हो!"

तिचे भुंकणे तिन्ही उतारांवर ऐकू गेले. सगळी जनावरे धावत आली, पण उतार वाचवायला नव्हे. लुटलाच आहे, तर उरलेले तरी आपल्याला मिळावे, म्हणून आली. चितळांचे कळप आले, ससे आले, साळिंदरे आली. कालपर्यंत कोणीही रोपाला तोंड लावले नव्हते आणि आज सगळेच कोवळे शेंडे ओरबाडू लागले. भेकरी क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "सगळेच खातायत, तर माझ्या पाडसानेच काय पाप केलंय?" आणि तीही खाऊ लागली. गवा पायवाटेवर आडवा उभा राहिला होता. एकट्याने किती बाजूंनी उभे राहायचे? जनावरे त्याला वळसा घालून आत जात राहिली.

मग भाद्रपदातला मोठा पाऊस झाला. उघडी पडलेली माती लोंढ्याबरोबर खाली आली आणि झरा लाल झाला. दिवाळीपर्यंत त्याची धार करंगळीएवढी उरली आणि थंडी सरायच्या आत ती बंद झाली. रानडुकराने पलीकडच्या खोऱ्यात एक डबके शोधले. वानर पानांच्या ओलाव्यावर दिवस काढू लागले. भेकरी मात्र पाडसाला घेऊन खाली तळ्यावर गेली, कारण तिला दुसरा इलाजच नव्हता.

पहिल्या दिवशी कुत्री आली नाहीत. दुसऱ्या दिवशी आली. भेकरी भुंकली, पळाली, पाडसही पळाले, पण त्याचे पाय ते केवढे! एका कुत्र्याने त्याची मागची तंगडी धरली. त्याच वेळी गवाही पाण्यावर आला होता. तो शिंगे रोखून मध्ये घुसला, तेव्हा कुत्र्याने पाडसाला सोडले. पाडस वाचले. पण त्या पायाने ते पुन्हा कधी सरळ चालले नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी जनावरे आटलेल्या झऱ्यापाशी जमली आणि अर्थातच भांडू लागली. आधी आत कोण गेले, एवढाच प्रश्न होता. "मी ठसे बघून गेलो," रानडुक्कर म्हणाले. "मी तुम्हाला बघून गेलो," वानर म्हणाले. मग सगळ्यांनी गव्याकडे पाहिले. तो रोज तिथे असायचा, त्याला नक्की ठाऊक असणार. पण गवा काही बोलला नाही.

भेकरीला वाटले, आता हा माझे नाव घेणार. ती वाट बघत राहिली. शेजारी पाडस तीन पायांवर उभे होते. भेकरीला ते बघवेना.

"मी गेले होते आधी," ती म्हणाली. "आजोबांवर संशय आला म्हणून गेले. त्यांनी एका रोपालाही तोंड लावलं नव्हतं. ते मी पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी परत गेले."

शेवटी वानराने उतार पुन्हा बंद करायचे सुचवले आणि तसे ठरले. पण रानडुकराला राहवले नाही. "आणि उद्या कोणी गुपचूप आत गेलंच तर? आपल्याला कळणार कसं?"

"कळणार नाही," गवा म्हणाला.

"मग?"

"एखादा चोर आत गेला तर चार घास खाईल. तेवढं रान भरून काढतं. चोर शोधायला सगळेच आत गेलात, तर काय उरतं ते समोर बघा. कोणाला बघायचंच असेल तर माझ्याबरोबर चला, माझ्याच वाटेने चला आणि वेल उपटू लागा. माझंही वय झालंय."

पुढच्या श्रावणात भेकरी आणि तिचे पाडस पायवाटेने जात होते. पलीकडे, बंद उतारावर, गवत हलले. कसला तरी कचकच चावल्याचा आवाज आला. भेकरीचे कान ताठ झाले. गळ्यापर्यंत भुंकणे आले.

"आई, आत कोणीतरी आहे," पाडस म्हणाले.

"असेल," भेकरी म्हणाली. "तू चल पुढे."

ती वळून बघणार होती, अगदी बघणारच होती, पण बघितले नाही. आत कोण होते ते तिला कधी कळले नाही आणि मलाही माहीत नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात झरा काही वाहिला नाही. पण ज्या दगडाखालून तो निघायचा, तो दगड दिवसभर ओला राहू लागला. तिचे लंगडे लेकरू, आता जवळजवळ आईएवढे झालेले, तळ्यावर न जाता रोज तोच दगड चाटून तहान भागवू लागले.

तात्पर्य : राखलेले रान एखाद्या चोराच्या तोंडाने थोडे उणे होते, पण एकमेकांवर पाळत ठेवणाऱ्यांच्या पायांखाली ते उजाड होते.