कपाटातला अडॅप्टर

घाटाखालच्या एका गावात केरबा नावाचा गुळाचा व्यापारी होता आणि त्याचा कोणावरही विश्वास नव्हता. दूध घेताना तो आधी वास घ्यायचा, मग बोट बुडवायचा, मग गवळ्याच्या तोंडाकडे बघायचा. नारळ चार वेळा वाजवायचा. पाहुणा आला की हा का आला असेल, याचा विचार पाहुणा जाईपर्यंत करायचा. याला तो सावधपणा म्हणे. गावाकडे यासाठी दुसरा शब्द होता, पण तो केरबासमोर कोणी काढत नसे.

या केरबाने विजेवर चालणारी गाडी घेतली. त्याच्या बायकोच्या, रखमाच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. माणसं तिला आता आवाजावरून ओळखावी लागत. घाटावरच्या शहरात मोठे डॉक्टर शिबिराला येणार होते आणि तिथे तिचं ऑपरेशन ठरलं होतं. एसटीने जायला केरबा तयार नव्हता. एसटीत पाकीटमार असतात.

गाडी चार्ज करायची सोय गावात एकच होती, दूध संस्थेच्या आवारात. तिथल्या वायरचं तोंड एका तऱ्हेचं, गाडीचं दुसऱ्या तऱ्हेचं. दोन्ही जुळवायला मधे अडॅप्टर लागायचा. गाडीच्या कंपनीने तो गाडीबरोबर दिला होता, चांगला जाडजूड, प्लास्टिकच्या पिशवीत. केरबाने पिशवी उघडलीसुद्धा नाही. इतकी चांगली वस्तू आवारात लावून ठेवली तर कोणीतरी बदलून नेणारच! त्याने ती कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली लपवली. लपवायची जागाही तो सारखी बदलत असे.

मग गाडीला लावायचं काय? आठवडी बाजारात एक विक्रेता तसलेच अडॅप्टर मांडून बसला होता. "सगळ्या गाड्यांना चालतो," तो म्हणाला. केरबाने सवयीप्रमाणे डोळे बारीक केले. तेव्हा विक्रेता पुढे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही सावध माणूस दिसता, म्हणून सांगतो. कंपनीची वस्तू चारचौघांत काढूच नका. आजकाल कोणाचा भरवसा आहे?"

अगदी आपल्या मनातलं बोलणारा माणूस केरबाला जन्मात पहिल्यांदा भेटला. तो इतका सुखावला की त्याने खोकं उलटून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यावर बनवणाऱ्याचं नावच नाही, हे दिसलं असतं. नारळ चार वेळा वाजवणारा हा गृहस्थ तो अडॅप्टर तसाच पिशवीत टाकून घरी आला.

अडॅप्टर गाडीत घट्ट बसला. हिरवा दिवा लागला. केरबा खुशीत घरी गेला आणि परत येऊन बघतो तर गाडी अर्धीसुद्धा भरली नव्हती. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेला त्याहून कमी. केरबाच्या मनात पाल चुकचुकली. कोणीतरी वायर काढतंय.

आवाराच्या फाटकाशी हौसाबाईची चहाची टपरी होती. तिची नजर दिवसभर गाड्यांवर असायची, म्हणजे केरबाच्या मते तिचा हातही असणार. त्यात एक दिवस ती आपणहून म्हणाली, "अण्णा, तुमचं ते मधलं डबडं लई तापतंय बघा. वासबी येतोय. दुसरं न्हाई व्हय तुमच्याकडं?"

दुसरं आहे हे हिला कसं कळलं? केरबाचा संशय पक्का झाला. त्याने घरी जाऊन किल्लीची जागा बदलली आणि हौसाबाईशी बोलणं टाकलं.

शिबिराच्या आदल्या दिवशी हौसाबाईची टपरी बंद होती. केरबाने निर्धास्तपणे गाडी लावली, हिरवा दिवा डोळ्यांनी पाहिला आणि तो घरी गेला. सकाळी रखमाला हाताला धरून आणलं, गाडीत बसवलं, गाडी सुरू केली. घाट राहू द्या, नदीवरचा पूल ओलांडण्याइतकीही वीज गाडीत नव्हती. एसटी निघून गेली होती. गावातल्या बाकीच्या गाड्या बाजाराला गेल्या होत्या.

केरबा टपरीवर धावला. "काल टपरी बंद ठेवलीस ती ह्यासाठीच न्हवं? म्हंजे वायर काढायला मोकळी! माझ्या बायकूच्या डोळ्यांवर उठलीस तू!"

दूध घालायला आलेली माणसं जमली. हौसाबाईचा चेहरा लाल झाला. तिने चहाचं भांडं खाली उतरवलं. "काल माझी लेक तापानं फणफणली हुती. पर ते ऱ्हाऊ द्या. लावा वायर. आमी समदी फाटकाभाईर जातो. तुमी एकटं हुबं ऱ्हावा."

आवार रिकामं झालं. केरबाने वायर जोडली आणि गाडीला पाठ लावून तो चारी बाजूंना बघत राहिला. हिरवा दिवा लागला. जरा वेळाने तो लाल झाला. कोणी आलं नव्हतं, कोणी हात लावला नव्हता. केरबाने सगळीकडे मान फिरवली. संशय घ्यायला तिथे तो स्वतः सोडून कोणी नव्हतं. त्याने अडॅप्टरला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

गोष्ट साधी होती. वीज देणारं यंत्र आणि गाडी आधी एकमेकांना विचारून घेतात, किती द्यायची आणि किती घ्यायची. हा अडॅप्टर दोन्ही तोंडांना बसत होता, पण मधला निरोप नीट पोचवत नव्हता. वर तापत होता. तो तापला की गाडी स्वतःला जपायला वीज घेणं बंद करायची. गाडीला कळलं ते मालकाला कळलं नव्हतं.

केरबा घरी पळाला. किल्ली तांदळाच्या डब्यात नव्हती. देवांच्या तसबिरीमागे नव्हती. कुठे ठेवली ते त्यालाच आठवेना. घर उलथंपालथं झालं, तेव्हा ती गुळाच्या ढेपेखालच्या गोणपाटात सापडली. कंपनीचा अडॅप्टर लावला. हिरवा दिवा हिरवाच राहिला. पण गाडी भरायला लागायचा तेवढा वेळ लागलाच.

ते शिबिराला पोचले तेव्हा तिथे खुर्च्या उचलणं चाललं होतं. डॉक्टर गेले होते. पुढचं शिबिर दिवाळीनंतर.

परतीच्या वाटेवर रखमाने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला दिसत न्हाई, पर चटका तरी कळतो. एकदा मला हात लावून बघ म्हनला असता तर मीबी सांगितलं असतं. पर तुमी किल्लीसुदिक माझ्यापास्नं लपवली."

केरबाने गाडी टपरीपाशी थांबवली. कपाटाची किल्ली रखमाच्या हातात दिली, तिला धरून बाकावर बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हौसाबाई, चुकलं माझं."

 हौसाबाईने दोन कप चहा पुढे ठेवला. केरबाने सवयीने कप नाकाशी नेला, थांबला आणि वास न घेता पिऊन टाकला.

तात्पर्य: आपल्या संशयाला जो मान डोलावतो, त्याच्यावर आधी संशय घ्यावा, आणि आपली वस्तू तापते आहे असं जो तोंडावर सांगतो, त्याचं ऐकून तरी घ्यावं.