सरपंचबाईंचा नवरा

एकदा एका वृद्ध दिग्दर्शकांकडे, दादांकडे, त्यांची शिष्या शर्वरी आपला पहिला चित्रपट घेऊन आली. निवडून आलेली सरपंचबाई स्वयंपाकघरात चहा गाळते आणि तिचा नवरा तिच्या खुर्चीत बसून गावाचा कारभार हाकतो, अशी ती कथा. प्रसंग गमतीचे होते. परंतु शेवटी नायिका चावडीवर उभी राहून साऱ्या पुरुषजातीला खडे बोल सुनावत असे. ते भाषण शर्वरीने जीव ओतून लिहिले होते.

दादांनी चित्रपट पाहिला, पोट धरून हसले आणि म्हणाले, "शेवटचं भाषण काढून टाक."

"दादा, तोच तर चित्रपटाचा प्राण आहे! ते काढलं तर नुसता विनोद उरेल."

"काढ. मग एकदा लोकांत बसून बघ."

गुरूची आज्ञा. तिने मनाविरुद्ध भाषण कापले.

पहिला खेळ एका गावच्या जत्रेत, तंबूत लागला. शर्वरीबरोबर दादाही आले होते. योगायोग असा, की त्या गावच्या सरपंचही एक बाईच होत्या, द्रौपदाताई. त्या मागे बायकांत बसलेल्या. पुढच्या सोफ्यावर मात्र त्यांचे यजमान हणमंतराव ऐसपैस विराजमान. गाव त्यांनाच सरपंच म्हणे. शर्वरीला वाटले, हा गृहस्थ चिडला, तर खेळ बंदच पाडायचा!

झाले उलटेच. पडद्यावरचा नवरा बायकोची सही गिरवायला बसला, तेव्हा सर्वांत मोठ्याने हणमंतरावच हसले. शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमच्या साडूसारखा हाय बघ अगदी!" मागे बायका तोंडाला पदर लावून एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या.

खेळ संपला. जत्रा कमिटीने पुकारले, "आता सरपंचांचा सत्कार!"

सवयीने हणमंतराव उठले आणि त्यांनी हारासाठी मान पुढे केली. मग एका म्हातारीला हसू फुटले आणि पाठोपाठ सारा तंबू हसू लागला. हणमंतरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्यात ते स्वतःच खो खो हसत सुटले. हार हातात घेऊन त्यांनी मागे हाक दिली, "अहो सरपंच, या की पुढं! मान तुमचा हाय."

द्रौपदाताई आल्या. त्यांनी माईक हातात घेतला. आवाज खणखणीत. "पोरींच्या शाळंत पाणी न्हाई, लई दिस झालं. उद्या सकाळी सभा. समद्या बायकांनी यायचं. आन कागदावर सही मी करणार!"

टाळ्या थांबेनात.

"दादा, हे तर माझ्या भाषणात नव्हतंच," शर्वरी हळूच म्हणाली.

"कसं असेल? त्यांच्या शाळेचं पाणी तुला कुठे ठाऊक होतं?" दादा म्हणाले. "तुझा राग खरा आहे, त्याच्यावाचून हा चित्रपट झालाच नसता. पण नायिका सगळं बोलून गेली असती, तर लोक टाळ्या वाजवून मोकळ्या मनाने घरी गेले असते. आणि हणमंतराव हाताची घडी घालून बसले असते. लोकांना हसवता येणं ही मोठी शक्ती आहे, पोरी. हसताना माणूस स्वतःलाही ओळखतो, आणि ते त्याला सोसतं. तिथून पुढचं त्यांचं त्यांना बोलू द्यावं."

तंबूबाहेर द्रौपदाताईंभोवती बायकांचा घोळका जमला होता. सगळ्या एकदमच बोलत होत्या. शर्वरी त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि निवांत ऐकू लागली.