आवडाबाईची बारावी बरणी

कोकणात घाटाच्या पायथ्याशी खैरोली नावाचं गाव आहे. केवळगिरी महाराजांनी त्या गावी एकोणीस वर्षं वास्तव्य केलं. ओढ्याकाठी त्यांचा सारवलेल्या भिंतींचा मठ होता आणि मागे रायवळ आंब्यांची आठ-दहा झाडं होती. महाराजांनी गावाला एक रीत घालून दिली होती. वैशाखात प्रत्येक घराने मठात कैऱ्या आणि गूळ आणून द्यायचा, मठाने त्याचा गुळांबा घालायचा आणि भाद्रपदात घरोघर हिवताप शिरला की तो आजाऱ्यांना वाटायचा. तापाने तोंड कडू पडलं की पेज घशाखाली उतरत नाही, पण बोटभर गुळांबा चाटवला की चार घोट जातात. त्या चार घोटांवर माणूस तगतो. महाराज म्हणत, "आमचा प्रसाद भरल्या पोटासाठी नाही."

हा गुळांबा घालत असे आवडाबाई. अकराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य, आणि त्यानंतर वीस वर्षं दिराच्या घरी राबणं, असं तिचं आयुष्य. शेवटी सासरच्यांनी हट्टाने केस काढायला न्हावी बोलावला, तेव्हा ती परसातल्या विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली होती. केस राहिले, पण घर सुटलं. सकेशा विधवेच्या हातचं पाणीसुद्धा चालत नाही, असं मानणारे ते दिवस! महाराजांनी तिला मठाची चूल दिली. तिने कैरी किसावी, गुळाचा पाक दोन बोटांत धरून तार पाहावी, पार निवल्याशिवाय बरणीत भरू नये, आणि तोंडाला फडकं बांधून बरणी उंच फळीवर ठेवावी. तिचा गुळांबा पुढच्या वैशाखापर्यंत जसाच्या तसा राही. ती चूल सोडून तिला जगात दुसरी जागा नव्हती.

मठाचा कारभार पाहत दाजीशास्त्री. विद्वान होते, आणि विद्वत्तेपेक्षा ताठा चार बोटं जास्त होता. त्यांना आवडाबाई डोळ्यांसमोर नको असे. महाराजांपुढे बोलायची छाती नव्हती, म्हणून त्यांनी वेगळी वाट काढली. एका वर्षी बारा बरण्या भरून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की असल्या हातचा पदार्थ शुद्ध केल्याशिवाय देवापुढे जाणार नाही, म्हणून प्रत्येक बरणीत दर्भाने गोमूत्र आणि गंगोदक शिंपडायचं.

आवडाबाई घाबरली. उभ्या आयुष्यात ती शास्त्रीबुवांसमोर पहिल्यांदाच बोलली. "शास्त्रीबुवा, बरणीवरून काय हवं ते शिंपडा. आत थेंब नका जाऊ देऊ. नासेल हो सगळं."

जमलेली मंडळी हसली. शास्त्री म्हणाले, "गंगेने नासतं, असं सांगणारी ही नवी पंडितीण!" आणि त्यांनी दर्भ बुडवला. एकामागोमाग एक, अकरा बरण्या झाल्या. बाराव्या बरणीच्या तोंडावर मात्र महाराजांनी आपला तळवा ठेवला. "ही राहू दे," एवढंच म्हणाले आणि ती बरणी उचलून आपल्या खोलीत घेऊन गेले.

भाविकहो, महाराजांनी त्याच वेळी दर्भ हातातून का काढून घेतला नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही येतं. त्याचं उत्तर पुढे आहे, आणि ते गोड नाही.

भाद्रपद लागला. हिवताप आला तो खालच्या वाडीतून. महाराज आजाऱ्यांजवळ बसायला तिकडेच जाऊन राहिले. मठात बरण्यांची फडकी सोडली तर पहिलीतून आंबूस वास आला, दुसरीवर फेस, तिसरीवर बोटभर पांढरी बुरशी. अकराच्या अकरा गेल्या. ज्याने पाणी घातलं त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळ्यांनी पाहिलं ते आवडाबाईकडे. शास्त्रींनी तिथल्या तिथे निकाल दिला: हात अपवित्र, म्हणून अन्न नासलं. केस उतरवून प्रायश्चित्त घेतलं तर मठाची पायरी चढू देऊ, नाहीतर आजच निघावं. आवडाबाईने आपलं एक लुगडं आणि किसणी उचलली आणि ओढ्यापलीकडच्या पडक्या गोठ्यात जाऊन राहिली. तिला थांब म्हणणारं एकही माणूस त्या गर्दीत निघालं नाही.

बारावी बरणी महाराजांच्या बंद खोलीत होती, आणि महाराज नसताना त्या खोलीत कोणी शिरत नसे. तीन दिवस असे गेले. त्या तीन दिवसांत सुताराची वेणूआजी गेली. शेवटपर्यंत ती "मठातला गुळांबा आणा" म्हणत होती. सुनेने बरणीतला आंबलेला चाटवून पाहिला, तो तिने थुंकला.

चौथ्या दिवशी महाराज परतले. झालेलं सगळं ऐकलं. बरणी खांद्यावर घेतली, गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडला आणि ती आवडाबाईपुढे ठेवली. म्हणाले, "बाई, ही तुमच्या हाताने वाटा. तळ दिसेपर्यंत कोणाला नाही म्हणू नका."

फडकं सोडलं तर आत वैशाखातलाच गुळांबा, तसाच सोनेरी. लोक वाट्या घेऊन ओढा ओलांडू लागले. काल तोंड फिरवलेले आज दाराशी उभे! आवडाबाई प्रत्येक वेळी हात धुई, पदराला कोरडा करी आणि मगच चमचा आत घाली. पाच शेरांची बरणी ती, सात-आठ घरांत संपायची. पंधरा दिवस झाले, दोन्ही वाड्या झाल्या, तरी गुळांबा बरणीच्या गळ्याखाली उतरला नाही. माउलीची कृपा ती, तिला कोणतं माप लावणार?

शास्त्रींनी आपल्या घरच्यांना ओढा ओलांडायची मनाई केली होती. मग त्यांची यमुना आजारी पडली. बारा वर्षांची एकुलती लेक. सहा दिवस पोटात अन्न नाही, ओठ सुकलेले. शास्त्रींनी शेजारच्या गोदाकाकूंना पाठवलं आणि स्वतःच्या घरासाठी म्हणून मागायला सांगितलं. वाटी आली. यमुनेने चाटलं आणि रडत तोंड फिरवलं. शास्त्रींनी स्वतः चाखलं. कडुनिंबाचा पाला चघळावा तसं कडू! तीच वाटी गोदाकाकूंच्या तापलेल्या नातीने पुसून खाल्ली आणि आणखी मागितली.

शास्त्री महाराजांकडे धावले. महाराज म्हणाले, "ज्याच्या नावाने मागितला त्याला तो गोड लागला. तुम्ही तुमच्या नावाने मागा. तिच्या दाराशी जाऊन."

भर दुपारी, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत शास्त्रींनी ओढा ओलांडला. गोठ्याच्या दाराशी उभे राहिले आणि सांगितलं की लेक जाते आहे. आवडाबाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. हात धुतले, कोरडे केले, वाटी भरली आणि त्यांच्या पुढे चालत त्यांच्या घरी गेली. तिने बोटावर घेऊन गुळांबा यमुनेच्या जिभेला लावला. यमुनेने ओठ चाटले. मग पेजेचे चार घोट गेले, मग आणखी चार. संध्याकाळी अंगाला घाम सुटला आणि ताप उतरला.

महाराज लेकीला पाहायला आले होते. शास्त्री त्यांच्या पायांशी कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझे पाय नकोत. पाणी घालू नका, हे तिने सांगितलं होतं. मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं, पण ते माझं ऐकणं झालं असतं, तिचं नाही. तिचं खरं गावाला दिसावं म्हणून मी गप्प राहिलो. त्याची किंमत वेणूआजीने दिली. तुमच्याइतका मीही चुकलो आहे, शास्त्रीबुवा."

असं म्हणून महाराजांनी स्वतः आवडाबाईला हात जोडले. संतांची ही थोरवी, भाविकहो!

शास्त्री तिच्याकडे वळले. शेंडीची गाठ सुटलेली, डोळ्यांना धार. भर ओसरीवर त्यांनी त्या सकेशा विधवेच्या पायांवर डोकं टेकलं आणि मठात परत चला म्हणून विनवलं.

आवडाबाई एक पाऊल मागे सरली. "लेक बरी झाली म्हणून वाकलात. ती आजारी पडली नसती तर मी अजून अपवित्रच असते ना?" ती म्हणाली. "मठात नाही यायची मी. पुढल्या वैशाखात माझ्या अंगणात गुळांबा घालीन. कैऱ्या तिथे आणून टाका. आणि पाणी घालू नका, एवढंच."

तिने पदराने वाटी पुसून कोरडी केली. वरच्या आळीत तीन घरी अजून ताप होता, तिकडे ती निघाली. शास्त्रीबुवा ओसरीवर वाकलेलेच होते.