डिझेलच्या टाकीचं झाकण

एका बंदरावर जोमा नावाचा एक भोळा खलाशी होता. अंगाने धिप्पाड, मनाने नितळ. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. तेवढंच त्याचं चुकायचं.

त्याची थोरली बहीण चांगीबाय. नवरा गेल्यापासून बोटीचा सगळा कारभार तीच बघायची. त्या वर्षी बोटीला एक दुखणं लागलं. लाट वर आली की डिझेलच्या टाकीच्या झाकणाखालून पाणी आत जायचं आणि इंजिन खोकून बंद पडायचं. एकदा तर भर वाऱ्यात बोट खडकावर आपटता आपटता राहिली.

बाय म्हणाली, झाकणाचं पॅकिंग गेलंय, बाजारातून नवीन आण.

जोमा बाजारात गेला. पहिल्याच दुकानात पॅकिंग मागितलं. दुकानदाराने विचारलं, बारसं आहे की लग्न? जोमा म्हणाला, टाकी आहे. दुकानदाराने गुलाबी चमकता कागद दिला. जोमाने झाकणाला कागद गुंडाळला, वर फितीचं फूल बांधलं. लांबून बोट छान दिसत होती.

बायने कपाळाला हात लावला. कागद नव्हे, रबर लागतं रबर, असं तिने बजावलं.

जोमाने लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने दोन डझन खोडरबर आणले. झाकणाखाली गोल मांडले. काही पांढरे होते, काही हत्तीच्या आकाराचे.

मग बायने हसनचाचांना गाठलं. चाचा बंदरावरचे जुने इंजिन मिस्त्री. त्यांनी जोमाला शेजारी बसवून समजावलं. प्रत्येक रबर डिझेलला टिकत नाही. तुकडा दिवसभर डिझेलमध्ये बुडवून ठेवायचा. फुगला तर फेकायचा. होता तसाच राहिला तर माल चांगला.

जोमाने लक्षात ठेवलं. संध्याकाळी पाहुणे यायचे होते, म्हणून बायने त्याला पाव आणायला पाठवलं आणि वर सांगितलं, चांगला बघून आण. जोमाने सकाळीच एक लादी आणली आणि डिझेलमध्ये बुडवली. पाव फुगले. त्याने ते फेकले आणि दुसरी लादी आणली. तीही फुगली. पाहुण्यांनी नुसता रस्सा प्यायला.

बाय म्हणाली, "जोमा, ताजेपणा बुडवून नाही बघत. बोटाने दाबायचं. दाबलेलं परत वर आलं की ताजं."

जोमाने लक्षात ठेवलं.

दोन दिवसांनी बोटी तपासायला नवे साहेब येणार होते. त्यांनी परवानगी दिल्याशिवाय बोट समुद्रात जाणार नव्हती, आणि बोट गेली नाही तर घरात चूल कशी पेटायची, हा प्रश्न होता. बाय घाबरली होती. त्या दिवशी सकाळी ती जोमाला म्हणाली, पुढे जा आणि साहेब कसे आहेत ते जरा बघून ये.

जोमा पुढे गेला. साहेब जेटीवर उभे होते. जोमाने त्यांच्या उजव्या गालात बोट रुतवलं. मग डाव्या. मग परत येऊन त्याने बायला सांगितलं, साहेब ताजे आहेत.

साहेबांनी बोट बारकाईने तपासली. झाकणाशी थांबले. उद्या दुपारी परत येईन, तोवर यातून पाण्याचा थेंब आत जाता कामा नये, नाहीतर परवानगी नाही, असं सांगून गाल चोळत निघून गेले.

बायने जोमाला समजावलं की असं कुठेही हात लावू नये. लांबूनच नमस्कार करावा.

जोमाने लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी स्वतः डिझेलला टिकणारं काळं रबर आणलं. झाकणाच्या मापाने कापलं, भोकं पाडली, झाकण बसवलं. बायने टाकी काठोकाठ नाही, पण पाऊण डिझेलने भरून ठेवली होती. बोल्ट आवळायचं काम जोमाला देऊन दोघं चहा प्यायला गेली. परत आली तेव्हा बाराही बोल्ट ढिले होते. जोमा चार हात लांब, हात जोडून उभा होता.

चाचांनी त्याच्या हातात पाना दिला. बोल्ट घट्ट आवळ, मग झाकणावर पाणी ओत आणि आत जातं का बघ, एवढं सांगून ते बायबरोबर साहेबांना आणायला गेले.

जोमाने बोल्ट आवळले. असे आवळले की चाचांनाही जमलं नसतं.

तासाभराने तिघं आली. बायने विचारलं, "पाणी ओतलंस?"

"ओतलं."

"आत गेलं?"

"सगळं. सात बादल्या."

बायचा चेहरा उतरला. चाचा म्हणाले, रबर खोटं निघणं शक्य नाही. तिघं धावत टाकीपाशी गेली. टाकी काठोकाठ भरली होती. झाकण बाजूला ठेवलं होतं. बाराही बोल्ट त्यावर ओळीने मांडले होते.

"अरे, मग झाकण काढलंस कशाला?" चाचा म्हणाले.

जोमा म्हणाला, "झाकण बंद असलं तर आत गेलेलं दिसणार कसं?"

चाचा चाळीस वर्षं इंजिनं उघडत आले होते. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं; आत गेलेलं सगळं दिसत होतं. साहेब मात्र दोन्ही गालांवर हात ठेवून दोन पावलं मागे सरकले.