राखेची रेघ

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा घराचा नकाशा कागदावर काढत नसत. मोकळ्या जागेवर चुलीतल्या राखेने रेघा ओढत, घरची माणसं त्या रेघांमधून चालून बघत, आणि मगच पाया खणत.

अशाच एका गावात एक तरणं जोडपं नवं घर बांधायला निघालं. घरात सासू होती, पाळण्यात तान्हं बाळ होतं. त्या बाळाच्या आईला शंका फार. पाळण्याची दोरी ओढून बघायची, कडी चाचपायची, आणि दाराबाहेर पडली की पुन्हा वळून आत यायची. स्वतःच स्वतःला हसायची, पण वळायची मात्र.

आखणीच्या दिवशी गवंडी राखेची पाटी घेऊन आला. नवऱ्याने पुढे ऐसपैस सोपा आखून घेतला, अख्खं गाव बसेल एवढा. मागे एक मधली खोली आणि स्वयंपाकघर. झालं घर.

सून रेघांमधून चालत मागच्या टोकाला आली आणि थबकली. "अहो, वैरण कुठे ठेवायची? पाण्याचा रांजण? बांधून उरलेला चुना?"

"ठेवू कुठेतरी. एवढं मोठं घर आहे!"

"कुठेतरी म्हणजे कुठे?" तिने मूठभर राख घेतली आणि मागे लहान लहान चौकोन काढले. "ही वैरणीची खोली. ही पाण्याची. आणि चुना या टोकाला, पाण्यापासून लांब. कळीचा चुना ओला झाला की आगीसारखा तापतो."

गवंडी म्हणाला, "काढू की, वहिनी. पण मालक, मग सोपा निम्माच राहील हां."

सासू हसली. "अगं बाई, घर माणसांसाठी बांधतोय का पोत्यांसाठी? पोत्यांना खोल्या आणि पाहुणे उंबऱ्यावर!"

सगळे हसले. तीही हसली. एवढ्या सगळ्यांत शहाणी मी एकटीच कशी असेन, तिच्या मनात आलं. आपला स्वभावच भित्रा. आणि तिने आपल्याच पायाने ते चौकोन पुसून टाकले.

घर उभं राहिलं. सोपा असा देखणा, की वाटसरू थांबून बघत. ज्या ज्या वस्तूला कुठेच जागा नव्हती, ती ती मधल्या खोलीत आली. चुन्याची पोती भिंतीशी लागली. पोत्यांवर कडब्याच्या पेंढ्या चढल्या. शेजारी रांजण बसला. रांजणामुळे तिथे गारवा, म्हणून बाळाचा पाळणाही तिथेच टांगला.

घरभरणीचा दिवस आला. पाहुण्यांसाठी सकाळीच रांजण काठोकाठ भरला. नवा रांजण पाझरतोच. पाणी जमिनीवरून ओघळत पोत्यांखाली शिरलं. ते कुणाच्याच नजरेला पडलं नाही.

सोप्यात पंगत बसली. वाढता वाढता सुनेला वास आला, ओल्या भिंतीसारखा, पण ऊन ऊन. ती नवऱ्याजवळ वाकून म्हणाली, "अहो, जरा आत बघून येते."

"आत्ताच तर बघून आलीस! लोक जेवतायत, जरा थांब की."

शेजारच्या पानावरचा पाहुणा म्हणाला, "वहिनींचा पाळण्यावर पहाराच आहे म्हणा! बाळ काय पळून जातंय?"

पंगत खदाखदा हसली. ती शरमली. तिने पुढच्या पानावर भात वाढला. मग त्याच्या पुढच्या.

आणि मधल्या दारातून धूर आला.

हातातलं पातेलं टाकून ती धावली. पोत्यांवरचा कडबा खालून धुमसत होता, धुरात पाळणा दिसतही नव्हता. दोरी हाताला लागली, तिच्या आधाराने तिने बाळ चाचपून उचललं, पदरात गुंडाळलं आणि बाहेर आली. बाळ गप्प होतं. सासू त्याची पाठ चोळू लागली. "रड रे माझ्या राजा, रड." बाळ गप्पच. मग एकदम ते खोकललं आणि त्याने टाहो फोडला. तेव्हा कुठे त्या माउलीने श्वास घेतला.

लोक घागरी घेऊन धावले. पण घागरीगणिक चुना जास्तच उसळला. आढं पेटलं, सोपा कोसळला. दिवस मावळेपर्यंत घराची राख झाली होती.

नवरा त्या राखेकडे बघत म्हणाला, "तू बोलली होतीस."

"हो."

"मग हट्ट का नाही धरलास?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न तिला फार लागला. "मलाच माझी खात्री वाटली नाही," ती म्हणाली.

"कशी वाटणार?" सासू म्हणाली. "आम्ही हसलो ना."

पुढे पुन्हा आखणी झाली. राख मागायला कुणाकडे जावं लागलं नाही. सासूने स्वतः पाटी भरली आणि सुनेच्या हातात दिली. "पहिली रेघ तुझी."

सुनेने मागून सुरुवात केली. पाणी एकीकडे, चुना दुसऱ्या टोकाला, वैरण भिंतीपलीकडे. पाळण्याची जागा या सगळ्यांपासून लांब, दोन दारांच्या मधे.

गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, सोपा अगदीच चिंचोळा होतोय हो."

तिचा हात थांबला. जरा अतीच होतंय का आपलं? तिने वळून बाळाकडे पाहिलं.

"होऊ दे," ती म्हणाली, आणि रेघ पुरी केली.

त्या सोप्यात पाहुणे गुडघ्याला गुडघा लावून बसत. पण मधल्या खोलीत बाळ निवांत झोपे.

तात्पर्य: आखणीच्या वेळी लाजून गिळलेली शंका पुढे त्याच घरात राहायला येते.