शेवटच्या रांगेमागची पाठ

एकदा एक नामवंत जर्मन नट पुष्कळ वर्षांनी आपल्या शहराच्या नाट्यगृहात परतला. याच रंगमंचावर एका वृद्ध नटाच्या हाताखाली तो घडला होता. पुढे टीव्हीच्या मालिकेत तो पोलीस निरीक्षक झाला आणि इतका गाजला, की शेजारपाजारचे लोक हरवलेल्या सायकलींच्या तक्रारी त्याच्याकडे आणू लागले. आता त्याला नाटकात एका म्हाताऱ्या बापाची भूमिका मिळाली होती. ती पडली, तर उरलेला जन्म खुनी शोधण्यातच जाणार, हे तो पुरतं जाणून होता.

तालमीला त्याने आपल्या गुरूंना बोलावलं. ते आले, थेट वरच्या सज्जात गेले आणि शेवटच्या रांगेमागच्या पायरीवर रंगमंचाकडे पाठ करून बसले. बसून सफरचंद सोलू लागले.

नाटकाच्या शेवटी मुलगा कायमचा घर सोडून निघतो आणि बाप एवढंच म्हणतो, "जरा थांब, बाळा." नटाने ते म्हटलं. त्याची भुवई अशी थरथरली, की टीव्हीवर तिच्यासाठी घरोघरी रुमाल निघाले असते. पाठ हलली नाही. तो मोठ्याने बोलला. मग चक्क ओरडला.

"साहेब, अशाने आरोपी पळून जाईल," मुलाचं काम करणारा तरुण नट पुटपुटला.

"गुरुजी, निदान बघा तरी माझ्याकडे."

"बघायला लाव ना," गुरू भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

नटाचा चेहरा पडला. भुवई झाली, आवाज झाला, कीर्तीही वापरून झाली. समोर उरली ती फक्त एका म्हाताऱ्याची वाकलेली पाठ. ती अशीच निघून गेली तर आपलं कोण उरेल, या विचाराने तो कासावीस झाला आणि त्या पाठीला हलकेच म्हणाला, "जरा थांब, बाळा."

गुरू वळले.

"अरे, इतकी वर्षं कॅमेरा आपण होऊन तुझ्याजवळ येत होता," ते म्हणाले. "त्यामुळे हाक मारायची तुझी सवयच गेली. मघापासून तू सगळ्यांसाठी आरोळी ठोकत होतास. हाक एकालाच मारायची असते. ती त्याला पोचली, की बाकीच्यांना वाटतं, आपल्यालाच बोलावलं."

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं, आणि बहुतेक जण निरीक्षकाला बघायलाच आले होते. शेवटचा प्रवेश रंगत असतानाच, तिथल्या रिवाजाप्रमाणे, काही मंडळी बाहेर जमा केलेले ओव्हरकोट घ्यायला आधी पोचावं म्हणून गुपचूप दाराकडे सरकली. तेवढ्यात बाप म्हणाला, "जरा थांब, बाळा."

दारातली माणसं जागच्या जागी थांबली. एकाने उघडलेलं दार आवाज न करता परत लावलं. पडदा पडला, आणि टाळ्यांनी तो पुन्हा पुन्हा वर ओढून घेतला. नट वाकून अभिवादन करत होता. निरीक्षकाचं नाव त्या रात्री कोणाच्याच तोंडी आलं नाही.

आपणही घरात "जेवायला चला" म्हणून भिंतींना ओरडून सांगतो आणि कोणी उठत नाही. एकदा एकाच्याच नावाने बोलावून पाहायला हरकत नाही.