एक पाय दोराला, एक पाय तळ्याला

लई लई वर्षांमागं, तुमच्या आज्याच्या आज्यालासुद्धा दात यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. मधे तळं. उन्हाळ्यात तळं आटू लागलं की दोन्ही आळ्या दोर ओढायच्या. जी जिंकेल तिचे सगळे मासे. सुकवले तर वर्षभर पुरावेत इतके.

आता खरी गंमत ऐका. जिंकलेल्या आळीत वाटणी नव्हती. जो आधी पळत जाऊन टोपली भरेल, मासे त्याचे. म्हणून प्रत्येक गडी एक पाय दोराला रोवायचा आणि दुसरा तळ्याकडे वळवून ठेवायचा. जोर सगळा पळण्यासाठी राखलेला. तोंडानं मात्र 'हेऽऽ हुप्पा' असं, की डोंगर हलावा! दोर तसूभर हलायचा नाही, कारण दोन्हीकडे हीच हुशारी. हसू नका. घरातलं कपाट सरकवताना कोण नुसतंच कण्हतं, ते मला ठाऊक आहे.

त्या साली तीन दिवस निकाल लागेना. पाणी घोट्याला आलं. बगळे पंगतीला बसल्यासारखे बसले. आणखी एक दिवस गेला असता तर मासे चिखलातच मेले असते, आणि गावाला वर्षभर कोरडी भाकरी.

खालच्या आळीत एक लंगडी म्हातारी टोपल्या विणायची. पळता येत नाही, म्हणून तिला आजवर माशाचं शेपूटही मिळालं नव्हतं. आळीनं आपल्या टोपल्या तिच्याकडेच डागडुजीला टाकल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी गडी त्या न्यायला आले. बघतात तर अंगणात एकच टोपली, आत म्हैस बसेल एवढी.

"म्हातारे, आमच्या टोपल्या कुठायत?"

"ह्याच की! सगळ्या उसवून एकच विणली."

"आणि यात माझी कुठली?" एक पैलवान ओरडला.

"शोध बाबा. तुझ्या बांबूची कामटी तुला हाक मारील."

"मग मी आधी पळून मासे भरू कशात?"

"पळूच नको. ही भरली की मासे घरटी सारखे वाटायचे, लंगडीच्या घरीसुद्धा. पण आधी दोर जिंकावा लागेल, पैलवान. आज दुसरा पायपण घेऊन जा."

शिव्या पुष्कळ घातल्या, पण नव्या टोपल्यांना वेळ कुठला? सगळे गेले, दोन्ही पाय रोवले आणि गुपचूप ओढलं. वरची आळी भोपळ्यांच्या माळेसारखी चिखलात!

टोपली काठोकाठ भरली. आणि उचलेना! उलट गाळात रुतू लागली.

म्हातारी वरच्या आळीकडे वळली. "तोंडं पुसत काय बसलात मेल्यांनो? हात लावा, निम्मे मासे तुमचे."

"अगं, जिंकलो आम्ही!" पैलवान म्हणाला.

"मग उचल तूच."

पैलवानानं बगळ्यांकडे बघितलं आणि मुकाट दोर टोपलीला बांधला. दोन्ही आळ्या एकाच टोकाला लागल्या. टोपली सुळकन बाहेर आली. सगळ्या गावानं एकदम श्वास सोडला. त्या आवाजानंच बगळे उडाले म्हणतात.

पहिला मासा म्हातारीला मिळाला, शेपटासकट. पुढं गावात टोपली एकच राहिली.

म्हणून पोरांनो आणि पोरांच्या बापांनो, आपसातली वाटणी आधी ठरवा, म्हणजे दोन्ही पाय दोराला लागतात.